पाठ

सहा दिवसांत उर्सिनाचा चेहरा
मी फक्त चहापुरता पाहिलाय.
बाकी सगळा वेळ तिची पाठ:
निळी सॅक, डावीकडे फावड्याचा दांडा,
उजव्या पट्ट्यावर तांबडं ठिगळ,
मुलाच्या जुन्या विजारीतून कापलेलं,
आणि घामाचा एक नकाशा
जो दहाच्या सुमारास उगवतो
नि सावलीत शिरलो की पांढरा होऊन कडकतो.
तिच्यापुढे दुरी. त्याच्याही पुढे,
टाचणीच्या डोक्याएवढा, कुर्दिन.
मी शेवटी चालते. मला तसंच आवडतं.

चढणीवर बोलायला श्वास उरत नाही.
टाच उचलते, स्की पुढे सरकते,
खालची कातडी उलट्या केसांनी बर्फ धरते, सोडते.
खर्र, टप. खर्र, टप.
एन्गादीनमधून निघालो त्या पहाटे
बेकरीवाली म्हणाली, अलेग्रा, पण आठ दिवस?
रेल्वेने तीन तास लागतात.
म्हणूनच, म्हणाला कुर्दिन, आणि अजून दोन पाव घेतले.

हिवाळ्यात हटवर रखवालदार नसतो.
लाकडं आपण फोडायची, बर्फ आपण वितळवायचा,
पैसे पत्र्याच्या डब्यात, नावं वहीत.
दुरी कातड्यांच्या घड्या शर्टात घेऊन झोपतो,
डिंक गोठू नये म्हणून,
अशक्त कोकरू घ्यावं तशा, पोटाशी.
कुर्दिन चाकूने चॉकलेटचे चार तुकडे करतो,
ते कधीच सारखे होत नाहीत,
सगळ्यांत लहान तो स्वतः उचलतो
आणि समजतो, कुणी पाहिलं नाही.

आज खिंडीखालच्या उतारावर
पन्नास-पन्नास पावलांचं अंतर ठेवून चाललो होतो.
वारा रात्रभर इकडेच बर्फ वाहून आणत होता.
मग ते झालं.
आवाज म्हणावा असाही नव्हता तो;
वरच्या मजल्यावर कुणी गादी आपटावी
तसं काहीतरी, फक्त आमच्या पायांखाली,
आणि सगळीकडे.
दुरीच्या स्कीपासून एक भेग
केसाएवढी, खडकापर्यंत धावत गेली
आणि तिथे थांबली.

कुर्दिन उभा राहिला. वळला नाही.
त्याचे खांदे बोटभर खाली आले.
काठी उंचावून त्याने खूण केली ती नंतर;
मला त्याआधीच कळलं होतं.
सहा दिवसांत या तिघांच्या पाठी
मला पाठ झाल्यात.

खिंड इतकी जवळ होती
की माथ्यावरच्या खुणेचे दगड मोजता येत होते. पाच.
उर्सिनाने रोमान्शमध्ये एक शिवी हासडली
जी तिच्या आईला येत नसावी.
वाद कुणी घातला नाही.
एकेक करून, आपल्याच रेघेवरून, अलगद,
श्वाससुद्धा जपून टाकत खाली आलो.

सपाटीवर रांग उलटी झालेली.
शेपूट होते, डोकं झाले.
आणि पुढे कुणाचीच पाठ नाही.
नुसतं पांढरं, त्यावर सकाळची आमचीच रेघ,
वाऱ्याने निम्मी पुसलेली.
मागे तिघे: खर्र, टप.
प्रत्येकाचं वेगळं. दुरीचं लंगडतं,
गेल्या वर्षीच्या गुडघ्यामुळे.
हे कान सहा दिवस कुठे होते कोण जाणे.
मानेला ऊन लागावं तसं काहीतरी
हटपर्यंत माझ्या मागून चालत राहिलं.

वहीत, कुठून आलात, या रकान्यात
कुर्दिनने लिहिलं: इथूनच.
कुठे निघालात: बघू.

सूप उकळलं तेव्हा दुरी म्हणाला,
तुझ्या सॅकचा बाजूचा कप्पा उघडाय.
दुपारपासून बघतोय.
मी हात घातला. चमचा नव्हता.
मग सांगितलं का नाहीस?
वाटलं, तुला माहीत असेल.
मला कसं माहीत असणार, म्हटलं,
तो माझ्या पाठीवर आहे.

उर्सिना इतकी हसली की चूल विझता विझता राहिली.
तीन चमचे, एक भांडं.
पहिला घास त्यांनी मला दिला,
मग चमचा पुसून, फिरवत राहिले.