लिंबाशिवाय

शेजारची वर्ना ब्याण्णव वर्षांची.
कर्नीत, तिच्या ओट्याशी उभी राहून
मी पाय शिकते आहे.
पाय म्हणजे चालायचा नव्हे, भाजायचा.
मला दर वेळी हसू येतं
आणि ते का, हे तिला सांगता येत नाही.

पिशवीतून लिंबं काढली तर म्हणाली, ठेव ती.
ही लिंबाचीच आहे, पण लिंबाशिवाय.

तिची पणजी ऑर्डेला
ओहायोहून इथे आली तेव्हा
नजर जाईल तिथवर गवत. झाड औषधालाही नाही.
घर म्हणजे गवतासकट कापलेल्या
जमिनीच्याच विटा, एकीवर एक.
पाऊस थांबला तरी छत दोन दिवस गळे,
चिखल थेट कढईत.
मग एकीनं ढवळायचं
अन् एकीनं वर छत्री धरायची.

सरपण? रानगव्यांचं वाळलं शेण.
मी म्हटलं, आमच्याकडे गोवऱ्या असायच्या.
वर्ना म्हणाली, तुमच्या निदान थापलेल्या तरी.
गवे तोवर मारून संपवले होते,
शेण तेवढं मागे राहिलं होतं;
त्या न उरलेल्या कळपांच्या उबेवर
ऑर्डेलाचा मक्याचा पाव फुगायचा.
(इथे आधी मका पिकवणारी पॉनी माणसं
कुठे गेली, हे वर्नाच्या गोष्टीत येत नाही.
मीही विचारलं नाही.
हात पिठात होते.)

तर, पाय.
काकवी वाटीभर. पाणी. मूठभर पीठ.
कोंबडीची मर्जी असेल तर अंडं.
डुकराच्या चरबीचं आवरण.
जायफळ एकच, ओहायोहून आणलेलं,
सात वर्षं पुरवलं:
आधी किसून, नंतर घासून,
शेवटी शेवटी नुसतं दाखवून.
आणि आंबटपणाला व्हिनेगर, दोन चमचे,
हिंमत असेल तर तीन.

बियाण्याच्या यादीतल्या चित्रावर बोट ठेवून
लेकीनं, लव्हिनानं, विचारलं होतं,
हे पिवळं काय?
लिंबू, ऑर्डेला म्हणाली. आज रात्री खायचंय ते.
आणि रात्री हीच पाय कापली.

पोर त्या चवीवर वाढली.
एकोणिसाव्या वर्षी ओमाहाला गेली,
हॉटेलात पांढरी टेबलं, काचेची बशी,
खऱ्या लिंबाची पाय, वर अंड्याचा फेस.
एक घास घेतला, काटा खाली ठेवला,
आणि नवऱ्याच्या कानाशी हळूच म्हणाली,
यांना लिंबू मिळालं नाही वाटतं,
बिचाऱ्यांना.

वर्ना हे सांगताना हसत नाही.
बोट बुडवते, चाखते.
व्हिनेगर कमी, म्हणते.
अजून घाल. अजून.

घरी आले.
गेली चार वर्षं आमसुलाच्या जागी
मी वाळवलेल्या क्रॅनबेऱ्या घालते आमटीत.
लेकीनं आज दोनदा वाढून घेतली,
वाटी तिरकी करून तळातलं ओरपलं.
अजून तिला सांगितलेलं नाही.
डिसेंबरात मालवणला जायची तिकिटं काढलीत.