वारा खालून येतो

फुले मार्केटातल्या दुकानदाराने जॅकेट माझ्यापुढे झटकलं,
म्हणाला, मॅडम, हे हिमालयात चालतं.
मी म्हटलं, मला पालच्या जंगलात चालायला हवं.
अठराशे रुपये. काळं, फुगीर, चार चेनी,
छातीवर कुठल्याशा बर्फाच्या डोंगराचं चित्र.

नाक्यावर रुबाब तडवीने ते दोन बोटांत धरलं,
कानाजवळ नेलं, चुरगाळलं.
कापड कानाने पारखणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.
"हे बोलते," तो म्हणाला.
"तू गप बसशीन, हे नाही बसनार.
खांदा हालला का खर्र, मान वळली का खर्र.
जनावर पान्यावर येनारच नाही
आन् तू लिहिशीन, जंगल रिकामं."

मग चेनी : लोखंड माणसाआधी गारठतं,
हनुवटीला टेकलं की दचकवतं.
मग डांबरगोळ्यांचा वास.
रंगाबद्दल मात्र काही बोलला नाही. रात्री सगळेच काळे.

जैतूनने शिवलेली बंडी त्याने खुंटीवरून काढली.
बाहेरून जुनं लुगडं, आतूनही लुगडंच,
मध्ये बाजारात न गेलेली कवडी,
आणि त्या कापसाच्या पोटात
युरियाच्या गोणीचं आतलं प्लास्टिक.
वारा तिथे अडतो.
मी ती कानाशी धरून चुरगाळली.
काही नाही.
एवढं बडबडं प्लास्टिक, दोन लुगड्यांनी गप्प केलेलं.

"चढताना घालू नको. पाठीले बांध.
घाम आला का रातभर तोच चावते.
मोजे ढिले. घट्ट मोजा म्हंजे थंड मोजा.
आन् लोक मान गुंडाळतात,
पन वारा खालून येते, फळ्यांच्या फटीतून."
म्हणून गोणपाट, चौपदरी,
त्याखाली केळीचं वाळलं सोपट.
रावेरपासून वर डोंगरापर्यंत
कुठल्याच जनावराला हा वास नवा नाही.

मग दोरी वळता वळता, माझ्याकडे न बघता :
"माझा बाप याच झाडावर बसायचा, एका सायबासंगं.
बंदूक सायबाची, कोट सायबाचा, बाटली सायबाची.
बाप एका धोतरावर.
वाघ आला. सायबानं नेम धरला.
आन् बाप हालायले लागला.
थंडीनंच. मुद्दाम नाही.
मचाण हाललं, नेम हालला, वाघ गेला.
बापाले लय मार बसला.
थंडीचा एवढाच फायदा मी ऐकला हाये."

जानेवारीची रात्र. खाली पाणवठा, ताटलीएवढा उरलेला.
तो घोंगडीत, मी बंडीत,
अमळनेरची पोर, नोकरीला चार महिने,
मांडीवर नोंदवही, कानात दोरा बांधलेली पेन्सिल.
सातपुड्यावरून वारा उतरला, झाडाला धरून वर आला,
माझ्याखाली सोपटाशी जरा घुटमळला
आणि दुसरीकडे कुणाला तरी शोधत गेला.

तीनच्या पुढे पाणी पिण्याचा आवाज.
लप, लप. मध्ये थांबून, ऐकून, परत लप.
तिच्या अंगावर कोट होता
शिवण नसलेला, चेन नसलेला,
चालताना एक शब्द न बोलणारा.
तिने वर पाहिलं.
मी हलले नाही.
त्या माणसाची आठवण झाली,
जो हलला म्हणून एक वाघ घरी गेला,
आणि मला माझ्या उबेची थोडी लाजच वाटली.

जॅकेट आता मी एसटीत घालते.
तिथे त्याला हवं तेवढं बोलू देते.

नोंद : ३ वाजून १० मिनिटे. बिबट्या, मादी, एक.
वारा उत्तरेचा.
शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहायचं होतं,
पण बोटं वाकेनात.
हातमोज्यांचं आम्ही दोघंही विसरलो होतो.