आधी वरचा नट

वारा सुटलाय. बोटी आंजर्ल्याच्या खाडीत शिरल्यात.
हर्णै बंदरावर आज लिलाव नाही, बर्फ नाही,
कावळेसुद्धा कंटाळून उठून गेले.
म्हणून गाडी गफूरचाचाच्या गॅरेजला लावली.
गॅरेज म्हणजे बदामाचं झाड,
खाली दोन फळ्या, एक खड्डा आणि चाचा.

चार लाख बारा हजारांवर काटा थांबला,
त्याला आता दोन गणपती झाले.
चाळिसाच्या वर गेलं की मागून घूं येतो.
मी काय केलं? रेडिओ मोठा केला.
मग रेडिओ बिघडला.

चाचा पाठीवर आत सरकला.
आतून नुसता आवाज :
"ऑइल कधी बदललंस?"
मेमध्ये, म्हटलं.
"इंजिनाचं नाय रे. मागच्या गोळ्याचं."
मी आठवू लागलो तसा तो हसला.
"आठवावं लागतंय ना? कळलं."

क्रेटमधून गळणारं खारं पाणी
अकरा वर्षं त्या गोळ्यावर ठिबकलं होतं.
नट कसला, खडकाला धरलेलं कालव.
मी खालच्याला पाना लावला
तर त्याने मनगट पकडलं.
"आधी वरचा.
भरायचं भोक उघडतंय का बघ,
मग रिकामं कर.
खालचं सोडलंस नि वरचं निघालंच नाय,
तर गाडी इथं झाडाखाली आणि तू एस्टीने."

रॉकेल. मग हातोडी,
बाळाची टाळू थापटावी इतकी हलकी.
पान्यात तीन फुटी पाइप, पाइपाला लोंबकळलेला मी.
कडाक्.
क्षणभर दोघंही गप्प. तुटला की सुटला?
सुटला.

मग खालचा.
काळं, दाट, सावकाश आलं.
वासाने मांजर उठून गेली,
बंदरावरची, मासळीत वाढलेली मांजर.
वर चंदेरी तवंग, पेडव्याचे खवले सांडल्यासारखा.
चाचाने चिमटीत घेऊन चोळलं.
"पीठ आलं तर चालतं.
कणी आली तर बघावं लागतं."

पीठच होतं.
मग त्याने खालच्या नटाच्या चुंबकावरची
लोखंडी दाढी पुसली
आणि दाढीत दात निघाला.
तुकडा. तांदळाहून मोठा, चिंचोक्याहून लहान.
"हा कधीचा?"

आसूदची चढण. मागे दोन टन कोळंबी.
शेजारी जनार्दन, माझा भाऊ, आठ आण्यांचा भागीदार.
साडेनऊ हजारांचा फरक हिशेबात,
नि मी चढावरच ब्रेक दाबून म्हटलं, उतर.
उतरला.
मग क्लच सोडला तो पायाने नाही, रागाने.
मागे टक् झालं.
आरशात तो उभा, हातात जेवणाचा डबा.
दोघांचा डबा एकच होता.

"काय माहीत," मी म्हणालो.

चाचाने तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.
"वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, आतलं कमी.
दोघांचं खरं असतं.
मधे हा गोळा आहे म्हणून भांडण नाय.
नि ह्याला कोण विचारत नाय."
त्याला जनार्दनचं ठाऊक नव्हतं.
पण हर्णैत कोणाला काय ठाऊक नसतं?

नवं ऑइल, नव्वद नंबर, काकवीच्या रंगाचं.
बाटलीला सलाइनची नळी,
मी दाबत राहिलो, दाबत राहिलो.
"किती घालू?"
"मोजू नको. भरलं की तोच बाहेर सांगेल."
वरच्या भोकातून एक धार आली,
माझ्या कोपरावरून बनियनमध्ये गेली.

संध्याकाळी पाजपंढरीपर्यंत नेऊन आणली.
घूं गेला नाही. कमी झाला.
"दात परत येत नाय," चाचाने पैसे घेताना सांगितलंच होतं,
"चाळिसात चालव."
चाळिसात चालवली.
जनार्दनच्या दारात दिवा होता,
त्याची सहा आसनी उलटी लावलेली, तोंड रस्त्याकडे.
मी काच खाली केली. हॉर्न नाही दिला.

तुकडा काचेपुढच्या खळग्यात आहे, सुट्ट्या नाण्यांत.
एखाद्या दिवशी चहाच्या पैशांत चुकून जाईल.
चहावाला परत करेल म्हणा.