रकाना सातवा : येण्याचं कारण

धक्क्यावरच्या टेबलाचे तीन पाय नीट,
चौथ्याखाली शिंपला.
वारा पानं उलटतो म्हणून रजिस्टरवर
कुणाच्या तरी नांगराचा तुटका हूक.
एरवी मी पाणीपट्टी वसूल करतो.
सध्या इथं, मालवणच्या धक्क्यावर,
किल्ल्यात जाणाऱ्यांची कपाळं मोजतो.

बोर्ड मीच रंगवून घेतला.
बहात्तर तासांच्या आतला अहवाल.
ओळखपत्र. मास्क नाकाच्या वर.
एका होडीत दहा, कडेवरचं मूल धरून.
चारच्या आत परत.
'पर्यटक'वरचा रफार पेंटर विसरला,
मागाहून घातला, तो ओघळला.

यंत्र समोर धरलं की लोक डोळे मिटतात.
का, ते मला अजून कळलेलं नाही.
खारा वारा खात रांगेत उभे राहिलेले
सगळे चौतीस पॉइंट दोन निघतात.
एवढी थंड माणसं चालतात-बोलतात कशी,
यासाठी रकाना नाही.

सकाळी सहाजण आले, एका गाडीतून.
सहा अहवाल, सहा नावं,
नमुना क्रमांक मात्र एकच,
आणि एका नावाची अक्षरं बाकीच्यांपेक्षा जाड.
मी पाहिलं.
मागे रांग होती.
विश्राम होडीत वल्हं धरून बसला होता,
आठ महिने ती होडी माडाखाली उपडी होती.
मी लिहिलं : अहवाल पाहिला.
यात खोटं काही नव्हतं. पाहिलाच होता.
कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : मजा.

मग ती आली.
हातात पिशवी, पिशवीत
बीपीच्या गोळ्या, एक गाऊन, वर डोकावणाऱ्या शेवग्याच्या शेंगा.
आधार कार्डावर : मानसी मिलिंद राणे, कणकवली.
अहवाल?
'आवशीक बघूक इलंय. तेका कसलो अहवाल?'
मी बोर्डाकडे बोट केलं.
तिनं सगळा वाचला, ओघळलेल्या रफारासकट.
'मी पर्यटक?
अरे, त्या तटावरना पडान माझो हात मोडललो.
तू होतंस. तूच रडललंस.'

होतो. रडलोही होतो.
पण शेजारी साहेब शहाळं पीत उभे,
आणि तिकडे आत मोजकी घरं,
एकही डॉक्टर नाही,
तिची आई ब्याऐंशीची, दम्याची.
नियम कुणासाठी केलाय
ते मला ठाऊक होतं.
म्हणून तर माझ्याच्यानं 'जा' म्हणवेना.
आणि ते सहाजण तोवर
दरवाजातून आत गेलेले,
विहिरीपाशी, कदाचित तिच्या आईकडे
ताक मागत.

हे मी तिला सांगितलं नाही.

पिशवी विश्रामनं नेली.
ती धक्क्याच्या टोकाला उभी राहिली.
पाणी एवढंसं. लहानपणी ओहोटीला
आम्ही पैजा लावायचो.
पलीकडे दरवाजाशी कुणीतरी आलं,
आई, की शेजारीण,
इतक्या लांबून नुसतं लुगडं दिसतं.
फोन वाजला.
'गावली गे पिशवी. शेंगो कित्याक? हय काय कमी आसत?'
ती हसली. मास्क नाकाखाली घसरला.
मी काही बोललो नाही.
साहेबही नाही.

पाच वाजता हिशेब :
गेले एकेचाळीस, आले एकेचाळीस.
परत पाठवले : एक. कारण : अहवाल नाही.
नाव लिहायचं राहिलं होतं.
लग्नात बदललेलं नाव मी त्या दिवसाआधी
कधी उच्चारलं नव्हतं.
पेन अडलं. मग मी लिहिलं, जसं
गुरुजी हजेरीला घ्यायचे, आडनाव शेवटी ओढत :
हेमलता टिकम.
कार्डाशी जुळणार नाही. साहेब विचारतील.
सातवा रकाना तिनं भरला नव्हता,
तोही मीच भरला.
'घरी' एवढंच लिहिलं,
आणि नांगराचा हूक
त्या शब्दावर ठेवून दिला.