कानाचं माप

पायाचं माप सगळेच विचारतात.
कानाचं कुणी विचारत नाही.
मी विचारतो.

नैवाशाच्या बसथांब्यामागे, टायरवाल्याला खेटून,
हातभर रुंदीचं माझं दुकान.
सगळे मला फुंडी म्हणतात. फुंडी म्हणजे कारागीर.
कारागिरी काय, तुटलेल्या वायरी जोडतो,
आणि बिस्किटाच्या या डब्यात
रबराच्या टोप्या जपून ठेवतो, स्पिरिटने पुसून:
लहान, मधल्या, मोठ्या,
जोडीदार हरवलेल्या.

केरुबो आली पगाराच्या दिवशी.
गुलाबांच्या शेडमध्ये रात्रपाळी करते,
साठ सेंटिमीटरचे देठ इकडे, पन्नासचे तिकडे,
वाकडे खाली.
म्हणाली, बाराशे शिलिंग आहेत,
त्यातले चारशे पिठाचे. ते मोजू नकोस.
आधीचा जोड तासाभरात टोचायला लागतो,
उजवा. डावा तर टिकतच नाही,
मान वळवली की गळून पडतो गुलाबात.

मी म्हटलं, दोन कान म्हणजे जुळे भाऊ नव्हेत.
टॉर्च धरून पाहिलं.
डावा अरुंद, आणि आत जाऊन वळलेला,
एखाद्या गल्लीसारखा.
डाव्याला लहान टोपी, उजव्याला मधली.
एवढंच. अकरा वर्षांत
हे एवढंच शिकलो म्हणा ना.

मग आधी काढला माझा लाडका जोड.
मऊ रबर, खोल बसणारा,
आठशे पन्नासचा, तुला आठशेला.
ऐकून तर बघ.
तिने बहिणीचा निरोप लावला,
किसीच्या डोंगरावरून आलेला, अकरा मिनिटांचा:
चहाच्या पाल्याचा भाव, आईचा गुडघा,
कुणाची गाय व्याली, कुणाची नाही.
टायरवाल्याचा घण पडत होता,
मटाटूवाले बोंबलत होते,
आणि ती डोळे मिटून
बहिणीच्या स्वयंपाकघरात बसली होती.

मला वाटलं, सौदा झाला.

तिने डोळे उघडले. दोन्ही काढून
माझ्या तळहातावर ठेवले.
हे नको.

टोचतात?
नाही.
महाग?
नाही रे. मला तुझं ऐकूच येत नव्हतं.

शेड सुटते पहाटे चारला.
वाट तळ्याच्या कडेने.
पाणघोडा काठावर चरत असतो,
दिसत नाही, अंधाराचाच असतो तो.
पण गवत ओरबाडतो तेव्हा
जुनं लुगडं फाडल्यासारखा आवाज येतो.
तो मला यायला हवा, फुंडी.
ओडेरोला नाही आला.

ओडेरोला मी ओळखतो.
त्याच्या कानात माझाच जोड होता.
हाच. याच खोक्यातला.
आता कुबडीवर येतो, वायर सैल झाली की.
तक्रार करत नाही.
उलट आवाजाची तारीफच करतो
समोरच्या बाकावर बसून.

मी आठशेचा जोड खोक्यात ठेवला.
खालच्या खणातून दुसरा काढला,
साडेचारशेचा, पाठीला बारीक भोक असलेला,
कानाच्या उंबऱ्यावरच थांबणारा.
घण ऐकू येतो?
येतो.
बहीण?
तीही येते. थोडी लांबून.
चारशे दे, म्हटलं. घासाघीस तिने केलीच नव्हती,
मीच एकट्याने केली.

तीन आठवड्यांनी परत आली.
डाव्या कानाची टोपी हरवली होती.
कुठे पडली, मी सहज विचारलं.
पळताना, ती म्हणाली,
आणि चप्पलेवरचा वाळका चिखल
माझ्या पायरीवर झटकू लागली.

मी डब्यात हात घातला.
लहान टोपी शोधायला बोटांना
त्या दिवशी फार वेळ लागला.