धूळपाटी

ठोंबरे मॅडम म्हणाल्या, घाबरू नका,
आधी धूळपाटीवर लिहा. तिथं चुकलेलं कुणी मोजत नाही.
ऐरोलीचं कॉलेज, तिसरा मजला,
एकोणीस कॉम्प्युटर, त्यातले बारा चालू,
आणि माझ्या शेजारी यज्ञेश मढवी, ज्यानं पहिल्याच मिनिटाला
थोर क्रिकेटपटूंच्या यादीत स्वतःचं नाव घातलं.
दुसऱ्या मिनिटाला ते गेलं.
कुणी काढलं दिसेना. आम्ही खिडकीबाहेरसुद्धा पाहिलं.

दहा गुणांचा प्रकल्प: विश्वकोशातल्या एका लेखात भर घाला.
मी तळखार निवडलं. माझं गाव.
लेख कसला, अडीच ओळी.
तळखार हे नवी मुंबईतील एक ठिकाण आहे.
शहर वसण्यापूर्वी हा भाग ओसाड होता.
येथे रिक्षा मिळतात.

रात्री जनूकाकाला विचारलं.
तो जेवता जेवता थांबला.
ताटाच्या कडेला मीठ होतं, त्यात बोटानं रेघा ओढल्या:
ही खाडी, ही उघाडी,
इथून भरतीचं पाणी घ्यायचं,
इथं तापू द्यायचं,
आणि इथं (बोट जरा थरथरलं)
इथं पांढरं धरायचं.
गोण्यांचा हिशोबही मिठावरच मांडायचो, म्हणाला,
एका गोणीला एक रेघ,
मुकादम मोजून गेला की पायानं पुसायचो.
सतरा आगरांची नावं सांगितली त्यानं.
मी सतराच्या सतरा लिहिली.
एकात ल की ळ, तीनदा विचारलं.

साडेअकराला जतन केलं.
पहाटे पाणी भरायला उठले
तर सगळं उलटवलेलं.
'शांतनिळा' नावाचा कुणी सदस्य. कारण दोन शब्दांत: संदर्भ नाही.
चर्चा पानावर मी लिहिलं, माझा काका तिथं कामाला होता.
त्यानं (किंवा तिनं, कोण जाणे) सभ्यपणे कळवलं,
काकांबद्दल आदर आहे, पण काका प्रकाशित नाहीत.

हे मी काकाला वाचून दाखवलं.
तो बराच वेळ हसला. मग म्हणाला,
"मना इचार म्हन ना त्याला. मी काय मेलू?"

प्रकाशित काका शोधायला मी ठाण्याला गेले,
ग्रंथालयात, दोन शनिवार.
एका जाड पुस्तकात तालुक्याच्या मिठाचा आकडा सापडला, मणांत.
गाव नव्हतं.
काकूच्या ट्रंकेत जमीन गेल्याची नोटीस होती,
तिच्यावर सर्व्हे नंबर, गोल शिक्का
आणि काकाचा अंगठा.
अंगठा प्रकाशित धरतात का, मी विचारलं.
मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, चांगला प्रश्न आहे.
म्हणजे उत्तर नव्हतं.

शेवटच्या तासाला त्या अडीच ओळी परत वाचल्या.
ओसाड होता.
कोण म्हणालं? कुठल्या पानावर?
कुणाच्या काकानं पाहिलं?
नियम तो नियम. त्या वाक्याच्या शेपटाशी कर्सर नेला,
चौकटी कंसात दोन शब्द ठेवले,
संदर्भ हवा,
आणि जतन केलं.
हात गार पडले होते, एसी बंद असून.

शांतनिळानं ते राहू दिलं.
वर आभाराची खूण पाठवली.

दहापैकी सहा मिळाले.
यज्ञेशला सात. त्यानं एका पुलाची लांबी दुरुस्त केली होती,
संदर्भासकट.

सतरा नावं अजून माझ्या धूळपाटीवर आहेत.
तिथं बरोबर लिहिलेलंही कुणी मोजत नाही.
काका अधूनमधून विचारतो, "लिवलंस का आमचा आगर?"
विचारलंय, मी म्हणते.
"कोनाला?"
मी फोनवर पान उघडून ते दोन निळे शब्द दाखवते.
तो फोन डोळ्यांजवळ धरून बघतो, वाचता येत नाही तरी,
आणि अंगठा लागून
पान वर सरकतं.