दातकोरणं

दोन वर्षांपूर्वी ही फट नव्हती.
आता आहे. खाली, उजवीकडे,
शेवटून दुसरी आणि तिसरी दाढ, दोघींचं काहीतरी बिनसलंय;
शेजारी राहतात, पण एकमेकींना टेकत नाहीत.
आणि इदालिना जे खाईल ते
पोटात जाण्याआधी तिथे मुक्कामाला थांबतं.

मक्याच्या पावाचा कण. अंजिराचं बी.
कोबीच्या पानाची शीर, चूळ भरली की निघते.
खारवलेल्या माशाचा तंतू, निघत नाही.
आणि रविवारी, लाल वाइनमध्ये रात्रभर शिजलेली शेळी
(म्हातारी शेळी, कोवळ्या करडाचं हे काम नव्हे),
तिचा एकच धागा असा जाऊन बसतो
की जेवण उरकतं, भांडी होतात, जावई गाडी काढतो,
नातवंडं गालाला गाल लावून जातात,
आणि फाटकात उभी राहून हात हलवताना
मिटल्या ओठांआड तिची जीभ
खणत असते, खणत असते.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
लोर्वांवमध्ये भरायचं.
उंबऱ्यावर बसायचं, मांडीवर कातड्याचा तुकडा,
वाळुंजाची काटकी, आखूड सुरी,
चार घाव या टोकाला, चार त्या टोकाला.
साठांची जुडी. निळा कागद.
इदालिना सातव्या वर्षी बसली.
आई मोजायची नाही, जुडी तळहातावर तोलायची
आणि म्हणायची, "एक कमी आहे."
असायची.

त्या जुड्यांतून शाळेचे बूट आले,
धाकट्या आदेलिनोचं जहाजाचं तिकीट आलं.
आईची कवळी मात्र आली नाही.
ती गेली तेव्हा तोंडात तीन दात होते
आणि माळ्यावर नऊ हजार दातकोरणी.

कोइंब्राची डॉक्टर नातीच्या वयाची.
पडद्यावर दाढ दाखवते, दाढ डोंगराएवढी,
टोपी बसवायचा खर्च सांगते, तोही तेवढाच.
मग विचारते, "काडी वगैरे घालता का आजी?
लाकूड अजिबात नको. हिरडी सोलवटते."
इदालिना पर्स मांडीवर घट्ट धरते.
"छे," म्हणते.
"कुठल्या तुम्ही?"
"इथलीच. जवळची."

औषधाच्या दुकानातून गुलाबी ब्रश आला,
बाटली धुवायच्या ब्रशाचं जणू पिल्लू.
दोनदा आत गेला, तिसऱ्यांदा वाकला
आणि तसाच वाकडा राहिला, लाजल्यासारखा.
दोरा घातला, तो तुटला.
कोमट पाणी, मीठ, पुन्हा पाणी.
शेजारची लुझिया म्हणाली, सफरचंद खा.
आता सफरचंदाची सालही.

रात्री साडेदहाला तिने सुरी काढली.
नऊ वर्षं हात लावला नव्हता, पण हात विसरत नाही.
दिव्याखाली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
एक काटकी तासली, आणखी तासली,
एवढी बारीक कधी कुणासाठी केली नव्हती,
ना मठातल्या मिठाईसाठी, ना लिस्बनच्या हॉटेलांसाठी.
फुंकर मारली तर थरथरेल अशी.
आरशासमोर गाल ओढून धरला.
टोक आत गेलं. धाग्याला लागलं. धागा हलला,
देवा, हलला,
आणि टोक आत मोडलं.

आता तिथे शेळी आहे आणि वाळुंज.
बिचारीला शेवटी पाला मिळाला, इदालिना मनात म्हणाली
आणि एकटीच एवढी हसली
की लुझियाचा कुत्रा भुंकायला लागला.

पहाटे तीनला कूस बदलताना
दोन्ही आपसूक सुटले.
जिभेवर एवढंसं काहीतरी,
बोटावर घेऊन अंधारात पाहिलं, काही दिसलं नाही.
उशीला पुसलं.

मग झोप यावी की नाही?
दाढ मोकळी, तोंड मोकळं, घर तर मोकळंच.
आणि जीभ पुन्हा तिकडे गेली,
काही नाही बघून परत आली,
जरा थांबली,
पुन्हा गेली.